लहरी सर्वांच्या, कुलूप कोणाचे?

(भिवंडी तालुक्यातील कोन येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर संगणकाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. यंत्रमाग कामगाराची मजुरी, गोदामातील माथाड्याचे कंत्राटीकरण, गावाच्या गायरानावर पडणारा बिल्डरचा डोळा, हे सारे प्रश्न दाराशी उभे असताना बिनतारी कार्ड आणि त्याची कार्यप्रणाली यांची चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. परंतु ज्या गायरानाचा आत्ताच उल्लेख झाला, त्याच जातीची आणखी एक सामाईक मालमत्ता कोनच्या डोक्यावरील आकाशात आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, तिचा सात-बारा नाही, तिच्यावर कुंपण घालता येत नाही असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर कुंपणे आहेत, आणि ती कोण घालतो, कोणाच्या हुकमाने घालतो, हे आज एका छोट्या सोंगटीएवढ्या यंत्रात ठरत आहे. म्हणून हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

मालकीचा इतिहास

रेडिओलहरींच्या मालकीचा इतिहास या देशात सरकारी मक्तेदारीने सुरू होतो. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्रे उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे घेतला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले: परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. घरात रेडिओ असला तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत, हे आज साठी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल. ऐकण्याचासुद्धा परवाना! परकीय सत्तेने केलेला हा कायदा स्वराज्यानेही दीर्घकाळ जसाच्या तसा वागविला.

या कायद्याची जरब काय असते हे समाजवाद्यांना कोणी शिकवायला नको. १९४२ च्या लढ्यात मुंबईतून चाललेल्या भूमिगत काँग्रेस रेडिओची हकीकत सर्वश्रुत आहे. उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो चालविला, डॉ. राममनोहर लोहियांचे त्याला मार्गदर्शन होते. पोलिसांची शोधगाडी लहरींचा माग काढीत येई आणि प्रक्षेपणयंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलविले जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि तो आवाज बंद झाला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. बिनतारी यंत्र कोणाच्या हाती असावे हा प्रश्न किती राजकीय आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे आणि तिचे नियमन सार्वजनिक प्राधिकरणाने केले पाहिजे. या निकालपत्राचे एक लेखक न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने दूरध्वनी कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व होते: सरकार या संपत्तीचे विश्वस्त आहे, धनी नव्हे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ व १९३३ चे दोन्ही कायदे बाजूला सारण्याची व्यवस्था केली. परंतु जुन्या कायद्यांखाली केलेले नियम नवे नियम येईपर्यंत चालावेत अशी तरतूदही त्यातच आहे. कायद्याचे नाव बदलले म्हणून विश्वस्ताचे कर्तव्य बदलत नाही.

परवान्याविना मोकळे रान

या पार्श्वभूमीवर २८ जानेवारी २००५ ची अधिसूचना महत्त्वाची ठरते. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे वापरण्यासाठी परवान्याची अट त्या दिवशी उठली. आज घराघरांत, चहाच्या टपरीवर, गोदामाच्या कार्यालयात ज्याला ‘वायफाय’ म्हणतात, त्याचा कायदेशीर पाया भारतात हा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील चार पट्टे, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, घरात व घराबाहेर वापरण्यासाठी असेच मोकळे झाले. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या नियमांतील तीन अटी प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, कोणाच्याही कामात व्यत्यय आणू नये. दुसरी, दुसऱ्याकडून व्यत्यय आला तर संरक्षण मागू नये. तिसरी, कोणीही मक्तेदारी सांगू नये. शक्तीची कमाल मर्यादाही ठरलेली: २००५ च्या नियमांत प्रक्षेपकाला एक वॅट, आणि अँटेनाचा जोर धरून चार वॅट. सामाईक विहिरीवर जसा दोर कोणाचाही, पाणी सर्वांचे, आणि पोहरा ठरल्याहून मोठा नको, तसा हा व्यवहार आहे. परवाना नाही याचा अर्थ नियम नाही असा मात्र नव्हे.

या मोकळ्या रानाचा उपयोग गरिबांसाठी होऊ शकतो, याचा दाखला जवळच आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरच्या खेड्यांत मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प राबविला. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवर त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुढे परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून आणखी गावे जोडली गेली. ज्या वाड्यांत खासगी कंपनीला नफा दिसत नव्हता, तेथे परवानामुक्त लहरी पोचल्या. सामाईक मालमत्तेचे मोल ते हेच.

यंत्राला देश कसा कळतो?

आता मूळ विषयाकडे वळावे. नियम प्रत्येक देशाचे निराळे आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे चौदा चॅनेल कल्पिले आहेत. अमेरिकेत व्यवहारात पहिले अकरा वापरात येतात. भारतासह बहुतेक देशांत तेरापर्यंत मुभा असते. चौदावा एकट्या जपानने, तोही जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणापुरता, मोकळा केला. पाच गिगाहर्ट्झमध्ये तर तफावत याहून मोठी आहे. मात्र यंत्र बनते एका कारखान्यात आणि विकले जाते शंभर देशांत. मग कोनमधील संगणकाला आपण कोनमध्ये आहोत हे कसे कळावे?

रस्त्यावर वाहतूक पोलीस असतो, सीमेवर नाका असतो. लहरींच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर पोलीस उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. म्हणून पोलिसाचे काम यंत्रातच बसविले गेले. हे काम कारखान्यात कार्डावर कोरलेला संकेत, त्या कार्डाशी बोलणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा, आणि या दोघांवर देखरेख ठेवणारी कार्यप्रणाली, असे तिघे मिळून करतात. कायदा संसदेत झाला, अधिसूचना राजपत्रात आली. परंतु तिची अंमलबजावणी प्रत्यक्षात या त्रिकुटाच्या हातात गेली. राजकीयदृष्ट्या हा बदल फार मोठा आहे आणि त्याची चर्चा जवळपास झालेलीच नाही.

लिनक्स ही खुली कार्यप्रणाली हे काम कसे करते ते पाहणे उद्बोधक ठरेल, कारण तिचा सारा कारभार कोणालाही वाचता येतो. २००८ च्या अखेरीस तिच्यात एक मध्यवर्ती व्यवस्था आली. जगातील देशांच्या नियमांची एक वही तयार झाली: कोणत्या देशात कोणता पट्टा, किती शक्ती, कोणत्या अटी. ही वही साध्या मजकुराच्या रूपात आहे. तिच्यात बदल सुचविणाऱ्याने त्या देशाच्या अधिकृत नियमाचा आधार द्यावा अशी अपेक्षा असते. वहीत कोणी परस्पर खाडाखोड करू नये म्हणून तिच्यावर गणिती सही असते. २०१८ च्या प्रारंभी आलेल्या ४.१५ या आवृत्तीपासून कार्यप्रणालीचा गाभा ही वही स्वतः उघडतो आणि सही पडताळतो.

यंत्र सुरू होते तेव्हा त्याला आपला देश माहीत नसतो. अशा वेळी ते ‘००’ या संकेताने ओळखला जाणारा जागतिक नियम लावून घेते. हा नियम मुद्दाम कडक ठेवलेला आहे. जेथे सर्वत्र मुभा आहे तेथेच बोलावे. जेथे शंका आहे तेथे केवळ ऐकावे, आपण होऊन आवाज काढू नये. परक्या गावी गेलेला शहाणा माणूस जसा आधी चावडीवर बसून कानोसा घेतो, तशी ही रीत. मग हळूहळू माहिती येते. कार्डाचा ड्रायव्हर कार्डावरील संकेत सांगतो. शेजारचा राउटर आपल्या घोषणेत देशाचे नाव सांगतो. आणि यंत्र वापरणारा माणूस स्वतःही देश कळवू शकतो. या प्रत्येक माहितीला तेथे ‘सूचना’ म्हणतात, हुकूम म्हणत नाहीत. सूचना ऐकून निर्णय मध्यवर्ती व्यवस्था घेते.

दोन कार्डे, दोन कायदे

एकच कार्ड असते तोवर हे सरळ चालते. खरी कसोटी लागते ती एकाच संगणकात दोन बिनतारी कार्डे आली म्हणजे. समजा, कोनच्या एखाद्या गोदामाच्या कार्यालयात संगणक आहे. त्याच्या पोटातील कार्डावर भारताचा संकेत आहे. राउटर तेराव्या चॅनेलवर चालतो, जो भारतात वैध आहे. माल मोजणाऱ्या स्कॅनरांसाठी स्वतंत्र जोडणी हवी म्हणून कारकुनाने बाजारातून दुसरे कार्ड आणून बाहेरून खोचले. ते अमेरिकी बाजारासाठी बनलेले निघाले. दुसरे कार्ड खोचताच पहिल्या कार्डाचीही जोडणी तुटली. दुकानदार म्हणणार कार्ड खराब. मालक म्हणणार कारकून निष्काळजी. दोघांचेही म्हणणे चूक आहे.

घडले ते असे: पहिल्या कार्डाच्या ड्रायव्हरने भारत सांगितला, दुसऱ्याच्या ड्रायव्हरने अमेरिका सांगितली. मध्यवर्ती व्यवस्थेपुढे एकाच यंत्रासाठी दोन देश आले. कोणता खरा हे तिला ठरविता येत नाही. तेव्हा ती दोन्ही नियमांचा छेद घेते, म्हणजे दोघांनाही मान्य असेल तेवढेच शिल्लक ठेवते. या छेदालाही एक संकेत आहे, ‘९८’. तो कोणत्याच देशाचा नव्हे. तेरावा चॅनेल भारताला मान्य, अमेरिकेला अमान्य, म्हणून तो गळाला. शक्तीची मर्यादाही दोहोंतील कमी तीच उरली. मध्यवर्ती नियम मानणाऱ्या साऱ्या कार्डांना हा छेद लागू होतो, म्हणून पहिल्या कार्डाचा हक्क दुसऱ्या कार्डाच्या आगमनाने आखडला.

भिवंडीच्या ट्रकचालकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. वाटेतील दोन पुलांपैकी एकावर दहा टनांची पाटी आणि दुसऱ्यावर सोळा टनांची असेल, तर ट्रक दहा टनच भरावा लागतो. कोणत्या वेळी कोणत्या पुलावर आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने हलके राहावे. यात तर्क आहे आणि सामाजिक शहाणपणही आहे: शंका असेल तेव्हा दुसऱ्याला उपद्रव होणार नाही अशा बाजूने निर्णय घ्यावा. राउटरमध्ये बहुधा दोन रेडिओ असतात, एक २.४ चा आणि एक ५ चा. त्यांच्यावर दोन वेगळे देश टाकले तर तेथेही असाच घोटाळा होतो. दोन्हींवर एकच, आणि खरा, देश लिहिणे हा त्यावरचा उपाय आहे.

परंतु या सामोपचाराच्या व्यवस्थेत एक अपवाद शिरला आणि तो वाढतो आहे. काही कार्डे मध्यवर्ती वहीला जुमानत नाहीत. ती ‘स्वयंशासित’ म्हणून नोंदविली जातात. इंटेल कंपनीची अनेक कार्डे या वर्गात मोडतात. त्यांचा नियम त्यांच्या स्वतःच्या बंद आज्ञावलीत असतो. ती आसपासच्या खुणांवरून देश ओळखते आणि निर्णय देते. वापरणाऱ्याने ‘हा भारत आहे’ असे कितीही सांगितले तरी ते कार्ड आपलेच खरे करते. अशा यंत्रात नियमांची विचारणा केली, तर उत्तरादाखल दोन वेगळ्या याद्या येतात: एक साऱ्या यंत्राची, एक त्या कार्डाची. एका राज्यात दुसरे राज्य स्थापन झाल्याचा हा प्रकार आहे. खुल्या वहीत चूक असेल तर ती दाखविता येते. बंद आज्ञावलीतील चूक दाखवायची कोणाला?

इतर कार्यप्रणालींचे मार्गही जाता जाता पाहावेत. अँड्रॉइड दूरध्वनी मोबाइल जाळ्यावरून देश ओळखतो. ॲपलचे संगणक शेजारच्या राउटरांच्या घोषणा ऐकून ठरवितात, आणि शेजाऱ्यांच्या घोषणा परस्परविरोधी असल्या तर ‘देशसंकेतांत विसंगती’ अशी तक्रार नोंदवितात. म्हणजे एका बिऱ्हाडाने परदेशातून आणलेल्या राउटरवर चुकीचा देश ठेवला, तर त्याची झळ शेजारच्या बिऱ्हाडाला लागू शकते. चाळीतील माणसाला यात नवल वाटणार नाही.

रडार आणि पूर

येथवरचा प्रश्न गैरसोयीचा होता. यापुढचा प्रश्न जीविताचा आहे. कोन उल्हास नदीच्या खाडीकाठी वसले आहे. समोर कल्याणचा दुर्गाडी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास खोऱ्यात काय हाहाकार झाला हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या दिवशी मुंबईजवळ डॉप्लर हवामान रडार नव्हते. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. कुलाब्याच्या रडारला जोड म्हणून जोगेश्वरीच्या वेरावली येथे दुसरे रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. ते सी-बँडमधील आहे. कोनपासून ते सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटरवर असेल.

सी-बँडमधील हवामान रडारे सामान्यतः ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. वायफायला मोकळा केलेला एक पट्टा ५४७० ते ५७२५ चा आहे. म्हणजे रडारचा रस्ता आणि घरगुती राउटरचा रस्ता एकच. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने हे पट्टे वायफायसाठी खुले केले तेव्हाच अट घातली होती की उपकरणाने आधी रडारची चाहूल घ्यावी. या पद्धतीनुसार यंत्राने बोलण्यापूर्वी किमान एक मिनिट कान देऊन ऐकायचे. बोलत असताना रडार आढळले तर दहा सेकंदांत चॅनेल सोडायचा. आणि अर्धा तास तेथे परतायचे नाही. युरोपात खास हवामान रडारांच्या पट्ट्यासाठी ऐकण्याची मुदत दहा मिनिटांची आहे. रुग्णवाहिकेला वाट देण्यासारखीच ही रीत आहे.

ही अट यंत्राला कोण सांगतो? तोच देशसंकेत. देश चुकीचा लागला, तर ऐकण्याची अटच गळून पडू शकते. हे कल्पनेतील भय नाही. प्वेर्तो रिकोतील सान हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारमध्ये २००९ च्या सुमारास व्यत्यय येऊ लागला. विमान उतरताना वाऱ्याचा धोकादायक झोत ओळखण्यासाठी ते रडार उभारलेले होते. तपासात आढळले की इंटरनेट पुरविणाऱ्यांची उघड्यावरील उपकरणे त्याच पट्ट्यात चालत होती, आणि रडारची चाहूल घेण्याची सोय कुठे बंद होती, कुठे कुचकामी होती. रडारच्या चित्रात अशा उपकरणाच्या दिशेने एक पट्टी उमटते आणि त्या पट्टीमागचा पाऊस झाकला जातो. ती पट्टी उल्हास खोऱ्यावर पडली तर काय, याचा विचार करण्याची जबाबदारी खाडीकाठच्या गावांना टाळता येणार नाही.

कुलूप की विश्वास?

प्वेर्तो रिकोच्या अनुभवानंतर अमेरिकेतील संघीय दळणवळण आयोगाने उत्पादकांना बजावले की वापरणाऱ्याला रेडिओच्या मर्यादा ओलांडता येऊ नयेत अशी तजवीज करा. हेतू योग्य होता. परंतु उत्पादकाला सर्वांत स्वस्त पडणारी तजवीज म्हणजे साऱ्या यंत्रालाच कुलूप. रेडिओपुरते कुलूप निराळे करण्याऐवजी बाहेरची कोणतीही कार्यप्रणाली चढूच नये, अशी सोय होऊ लागली. २०१५ मध्ये याविरुद्ध खुल्या आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांनी मोठी मोहीम उघडली. त्यांचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा होता: उत्पादक दोन-तीन वर्षांत यंत्राची देखभाल सोडून देतो, त्यानंतर त्यातील भोके बुजविण्याचे काम बाहेरचे लोकच करतात, त्यांना कायमचे बाहेर ठेवले, तर चालते यंत्र भंगारात जाईल आणि नियमही सुधारणार नाहीत.

ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक या कंपनीच्या प्रकरणात या आयोगाने दिलेला निर्णय या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. तिच्या काही राउटरांत देश बदलून मंजूर मर्यादेपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करता येत होते. कंपनीने दोन लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. आणि त्याच समझोत्यात खुली कार्यप्रणाली आपल्या राउटरांवर चालावी यासाठी साह्य करण्याचेही मान्य केले. लहरींचे रक्षण आणि यंत्रावरील वापरणाऱ्याचा हक्क या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

या प्रश्नावर चळवळीत दोन टोके आढळतात. एका टोकाचे म्हणतात, यंत्र आमच्या पैशाचे, त्यावर कोणाचाही निर्बंध नको. हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक आणि वस्तुतः मालमत्तावादी आहे. विहीर सामाईक असेल तर पंप माझा आहे म्हणून ती उपसण्याचा अधिकार मिळत नाही. दुसऱ्या टोकाचे म्हणतात, लोकांवर विश्वास टाकता येत नाही, सारे कुलूपबंद असावे. हे म्हणणे १९३३ च्या कायद्याच्या वळणावर जाते. फरक इतकाच की त्या वेळी किल्ली ठाण्यावर होती, आता ती परदेशातील कंपनीच्या कार्यालयात आहे. सार्वजनिक मालमत्तेचे नियमन सार्वजनिक प्राधिकरणाने करावे असे १९९५ चा निकाल सांगतो. ज्या नियमनाचा मजकूर नागरिकाला वाचता येत नाही, ज्यातील चूक दाखविता येत नाही, आणि ज्याविरुद्ध दाद मागता येत नाही, त्याला सार्वजनिक म्हणता येत नाही.

लिनक्सची वही हा मधला मार्ग आहे. तीत नियम आहे, शिस्त आहे, सहीसुद्धा आहे. पण गुप्तता नाही. तथापि तिचीही एक उणीव सांगितली पाहिजे. ती चालविणारे मोजके लोक आहेत. त्यांतील काही कंपन्यांचे पगारदार, काही निव्वळ हौसेने राबणारे. भारताचे राजपत्र वाचून, त्याचा अर्थ लावून, भारताची ओळ दुरुस्त करण्याचे काम अशांच्या सवडीवर अवलंबून राहते. एकशे चाळीस कोटींच्या देशाचा लहरींचा कायदा यंत्रांना कोणी सांगायचा, तर ज्याला वेळ मिळेल त्याने! विश्वस्त म्हणविणाऱ्या सरकारला हे शोभत नाही.

पुढचे काम

मागण्या थोडक्यात मांडता येतील. पहिली, परवानामुक्त लहरींचे नियम केंद्र सरकारने यंत्राला थेट वाचता येतील अशा रूपात, स्वतःच्या सहीनिशी, प्रसिद्ध करावेत. म्हणजे कोणत्याही कार्यप्रणालीला भारताचा कायदा भारत सरकारकडूनच घेता येईल. दुसरी, तेच नियम मराठीत आणि इतर भारतीय भाषांत उपलब्ध व्हावेत. राउटर बसविणारा तरुण इंग्रजी राजपत्र वाचत बसणार नाही. तिसरी, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बिनतारी उपकरणावर त्यात कोणता देशसंकेत कोरलेला आहे हे बाहेर छापलेले असावे. चौथी, उपकरणाला मान्यता देताना रेडिओचे कुलूप आणि बाकी यंत्राचे कुलूप वेगळे असावे अशी अट घालावी. आणि पाचवी, हवामान रडारांच्या परिसरात व्यत्ययाची तपासणी नियमित व्हावी व तिचे निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत.

मागण्यांची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. कोनमध्ये, सरवलीत, पिंपळासमध्ये जे तरुण केबल आणि इंटरनेटची जोडणी करून पोट भरतात, त्यांचा एक वर्ग घेता येईल. राउटरच्या दोन्ही रेडिओंवर भारत हाच देश लिहावा. लांब पल्ल्याच्या मोहाने परदेशाचा संकेत लावू नये. रडारची चाहूल घेण्याची सोय बंद करू नये. नवे कार्ड खोचल्यावर जुने बंद पडले तर नवे विकत घेण्याआधी दोघांचे देशसंकेत तपासावेत. एवढ्या चार गोष्टी कळल्या तरी कारकुनावरचा ठपका टळेल, दुकानदाराची फुकटची विक्री टळेल आणि खाडीकाठच्या वस्तीला मिळणारी पुराची सूचना धुसर होण्याचे एक कारण कमी होईल.

दोन कार्डांतील भांडण मिटविताना कार्यप्रणाली जो न्याय लावते, तो साधा आहे: ज्यावर दोघांचे एकमत तेवढेच करावे आणि जेथे संशय तेथे आधी ऐकावे. यंत्राला हा न्याय माणसांनीच, उघड चर्चा करून, शिकविला. तो उघड राहील याची काळजी घेणे, आणि त्याची किल्ली नफ्याच्या तिजोरीत जाणार नाही हे पाहणे, हे लहरींच्या धन्यांचे, म्हणजे जनतेचे, काम आहे. कोनच्या कार्यकर्त्यांनी त्या कामाला येत्या पावसाळ्यापूर्वी हात घालावा.